एक तळं धरा आणि वीस वर्षं सोडू नका

गडचिरोली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका तरुण प्राध्यापकांनी विचारलं आहे: "निसर्गाचं चांगलं भविष्य घडवण्यात उच्च शिक्षणाचा मोठा वाटा आहे, असं परिसंवादांत ऐकतो. आमच्या कॉलेजात मुलं तीनशे, सूक्ष्मदर्शक चार, त्यातला एक बंद. आता क्षेत्र प्रकल्प सक्तीचा झाला आहे आणि प्राचार्य म्हणतात, वृक्षारोपण करा. आमच्यासारख्या आडवळणाच्या कॉलेजला खरोखर काही करता येईल का?"

येईल. मोठ्या शहरातल्या विद्यापीठाला जमणार नाही असं काही तुमच्या कॉलेजला जमेल. मी भंडारा-गोंदियाच्या झाडीपट्टीत एकाच कॉलेजात एकतीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. पहिली दहा-अकरा वर्षं मीही तेच केलं जे तुमचे प्राचार्य सांगतात: रोपं लावली, फेऱ्या काढल्या, निबंध स्पर्धा घेतल्या. पुढची वीस वर्षं वेगळं केलं. त्या वीस वर्षांच्या भरवशावर हे सांगते आहे.

कॉलेजपासून सायकलने जाता येईल अशी एक जागा निवडा. तळं असो, बोडी म्हणजे लहान तळं असो, माळ असो, नाही तर गावाच्या जंगलाचा एक तुकडा. तिची नोंद दरवर्षी, न चुकता, गावाला सोबत घेऊन ठेवत राहा. एवढंच माझं उत्तर आहे, बाकी सगळं या उत्तराचा खुलासा.

हे काम कॉलेजनेच का करायचं? वनखात्यातले साहेब तीन वर्षांत बदलून जातात. संस्थेचा प्रकल्प निधीबरोबर संपतो. बाहेरून आलेल्या संशोधकाची पीएचडी झाली की त्याला दुसरीकडे पोट भरायला जावं लागतं, त्यात त्याचा दोष नाही. तालुक्यात चाळीस-पन्नास वर्षं एकाच जागी उभी असलेली आणि दर जूनला अठरा वर्षांची नवी पोरं जिच्या दारात येतात अशी जागा कॉलेजशिवाय दुसरी नाही. निसर्गातला बदल सावकाश होतो. एका हंगामाच्या नोंदीतून काही कळत नाही, पाच वर्षांच्या नोंदीतून शंका येते, पंधराव्या वर्षी चित्र दिसू लागतं. एवढं थांबू शकणारी संस्था गावाकडे एकच आहे, आणि नेमकं तिलाच आपण एका दिवसाच्या वृक्षारोपणात गुंतवतो.

मी तळं धरलं. आमच्या भागात तेच सोयीचं होतं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात गोंड राजांच्या काळापासून बांधलेले हजारो तलाव आहेत. कोहळी समाजाने त्यातले कितीतरी बांधले. नवेगावबांध हा त्यातला सगळ्यांत नावाजलेला. जमिनीचा उतार डोळ्याने जोखून, मातीची पार घालून, सांडवा आणि नहर काढून धानाच्या बांध्यांना पाणी पुरवणारी ही व्यवस्था गावच चालवत होतं. १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या मालगुजारांची मालकी, गेली आणि तलाव सरकारजमा झाले. आजही आपण त्यांना मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणतो. मालक बदलला तसा पार दुरुस्त करण्याचा, नहर साफ करण्याचा गावाचा नेम सुटत गेला. तलाव गाळाने भरले, काठांवर बेशरम या उपऱ्या झुडपाचं रान माजलं.

मी हे सगळं वर्गात शिकवत होते. पाणवनस्पतींचे बुडालेल्या, तरंगत्या, काठावरच्या असे वर्ग फळ्यावर लिहून देत होते. एका वर्षी मुलांना तलावावर नेलं आणि काठचं हिरवं गवत दाखवून म्हणाले, हा सगळा कचरा साफ करायला हवा. शेजारी जाळं सुकवत बसलेल्या ढिवर म्हाताऱ्याने मान वर केली. "मॅडम, तुमी जेला कचरा म्हनता ना, तेच मासोळीचं घर आहे जी." तो गाद नावाच्या वनस्पतीबद्दल बोलत होता. मग त्याने सांगितलं, कोणती मासोळी कोणत्या वनस्पतीच्या आडोशाला राहते, कुठली अंडी पानाला चिकटवते, कुठली पहिल्या पावसात उलट्या धारेने बांध्यांत चढते. एम.एस्सी.ला मला प्रत्येक वनस्पतीचं कूळ सांगता येत होतं. तिच्याखाली कोण राहतं हे एकाही परीक्षेत विचारलं नव्हतं.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट दिसली, तिने मला जास्त हलवलं. म्हातारा बोलत होता तेव्हा वर्गातला एक मुलगा मान खाली घालून मागे उभा होता. तो त्या म्हाताऱ्याचा नातू निघाला. त्यालाही हे सगळं येत होतं. मरळ आणि तिच्याचसारखी दिसणारी ठिपक्यांची लहान मासोळी तो पाण्यातल्या लाटेवरून ओळखायचा. पण दोन वर्षांत वर्गात त्याने तोंड उघडलं नव्हतं. कॉलेजात यायचं म्हणजे जाळं घरी ठेवून यायचं, अशी त्याची समजूत आम्हीच करून दिली होती. निसर्गाबाबत उच्च शिक्षणाचं सगळ्यांत मोठं नुकसान कोणतं, असं मला कुणी विचारलं तर मी हेच सांगेन. ज्या घरांत निसर्गाचं ज्ञान आहे त्या घरांतल्या मुलांना आपण त्या ज्ञानाची लाज वाटायला शिकवतो.

भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने याच पट्ट्यात ढिवर समाजाला सोबत घेऊन तलाव सावरण्याचं काम केलं आहे: बेशरम उपटायचं, उन्हाळ्यात तळाची मशागत करायची, देशी पाणवनस्पती पुन्हा लावायच्या आणि देशी मासे परत येऊ द्यायचे. त्या कामाच्या नावातच "अभ्यास" आहे आणि तो अभ्यास मासेमारांच्या माहितीपासून सुरू झाला. मनीष राजणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं ते काम विदर्भातल्या प्रत्येक प्राणिशास्त्र विभागाने पाहायला हवं.

आम्ही एवढं मोठं काही केलं नाही, आम्ही वही ठेवली. चार ठरलेल्या जागी उभं राहून चार ऋतूंत पाहायचं. पाणी पारीच्या कितव्या दगडापर्यंत आलं आहे, कुठल्या कोपऱ्यात कोणती वनस्पती किती पसरली आहे, कोणते पक्षी दिसले, जाळ्यात काय आलं, पहिला मोठा पाऊस कधी पडला, त्यानंतर मासे कधी चढले. प्रत्येक ओळीपुढे सांगणाऱ्याचं नाव. पहिली सात-आठ वर्षं त्या वह्या कपाटात जाडजूड होत गेल्या, त्यांतून काही निघालं नाही. सहकारी विचारायचे, हे कशासाठी? मलाही नीट सांगता येत नव्हतं.

मग एका वर्षी तलावाचा गाळ यंत्राने काढला गेला. काम मेहनतीने झालं होतं, गाळ शेतकऱ्यांनी शेतात नेला, धानाला त्याचा फायदाही झाला. पण पुढच्या दोन वर्षांत उत्तरेच्या कोपऱ्यातले कमळपक्षी आणि जांभळ्या पाणकोंबड्या दिसेनाशा झाल्या, लहान देशी मासे जाळ्यात येईनासे झाले. मत्स्य संस्थेतले लोक म्हणत होते की पाऊस कमी झाला. आम्ही वह्या शेजारी-शेजारी मांडल्या. याहून कमी पावसाच्या वर्षांतही पक्षी आणि मासे होते. बदललं होतं ते काठाचं उथळ पाणी. यंत्राने तळ सगळीकडे सारखाच खोल केला होता. ऊन तळापर्यंत पोचतं अशा उथळ पट्टीतच गाद वाढते, तिथेच गोगलगायी आणि किडे असतात, तिथेच मासे अंडी घालतात. ती पट्टीच राहिली नव्हती.

हे आम्ही ग्रामसभेत सांगितलं नाही, त्या मुलाने सांगितलं. तो तेव्हा पदवीधर होऊन गावात मत्स्य संस्थेचा हिशेब पाहत होता. त्याच्याकडे आजोबांचे शब्द होते आणि हातात आमच्या वह्या. पुढच्या वेळी एक काठ सोडून खोदायचं ठरलं, दुसऱ्या तलावातून गादेचे कंद आणून त्या काठाला लावले. सगळं पूर्ववत झालं असं मी म्हणणार नाही. गाद आली, काही मासे आले, जांभळी पाणकोंबडी मी निवृत्त होईपर्यंत परतली नव्हती. पण गावाने आपल्या तलावाबद्दलचा निर्णय कुणाच्या अंदाजावर न सोडता आपल्या नोंदीवरून घेतला. निसर्गाचं भविष्य घडवणं मी याला म्हणते.

आता तुमच्या हाताशी काय आहे ते पाहू. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण शिक्षण सगळ्या पातळ्यांवर द्यायला सांगितलं आणि पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सगळ्या शाखांना पर्यावरण अभ्यास सक्तीचा केला. तो पन्नास तासांचा अभ्यासक्रम पुन्हा काढून वाचा. शेवटचा घटक क्षेत्रकामाचा आहे: गावची नदी, जंगल, माळ किंवा डोंगर यांची नोंद, एखादी प्रदूषित जागा, नेहमीच्या वनस्पती-कीटक-पक्षी, तळ्याची परिसंस्था. शंभरपैकी पंचवीस गुण त्याला होते. ज्यांनी तो लिहिला त्यांनी योग्यच लिहिला होता. पण हा घटक बहुतेक ठिकाणी झेरॉक्सच्या दुकानात पूर्ण झाला. मी तपासलेल्या शेकडो प्रकल्प वह्यांत ओझोनचा थर होता, अ‍ॅमेझॉनचं जंगल होतं. ज्या नाल्यावरून ती मुलं रोज येत होती त्याचं नावही नव्हतं.

नव्या शैक्षणिक धोरणाने तुम्हाला याहून मोठी जागा दिली आहे. क्षेत्र प्रकल्प आणि समाज-सहभागाचे उपक्रम आता श्रेयांकांत मोजले जातात. दोन श्रेयांक म्हणजे साधारण साठ तास. राष्ट्रीय सेवा योजनेचे वर्षाला १२० तास आणि सात दिवसांचं निवासी शिबिर वेगळंच. कृषी महाविद्यालयाचे कृषीदूत आणि कृषीकन्या एक सत्रभर गावात राहतात. हे सगळे तास एकाच गावाकडे, एकाच जागेकडे वळवा. आज होतं असं की सेवा योजनेचं शिबिर एका गावी, क्षेत्र प्रकल्प दुसरीकडे, सहल तिसरीकडे, आणि दर वर्षी गाव नवं. गावकऱ्यांनाही कळतं की ही पोरं पुन्हा येणार नाहीत, मग तेही मनापासून बोलत नाहीत. तिसऱ्या वर्षी तीच शिक्षिका नव्या पोरांना घेऊन त्याच दारात उभी राहते, तेव्हा घरातली म्हातारी पाट पुढे करते आणि खरं सांगू लागते.

तुम्ही गडचिरोलीत आहात, म्हणून जंगलाबद्दल जरा सविस्तर लिहिते. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये ग्रामसभेने आपल्या वाहतूक परवान्यावर बांबू विकला, हे तुम्हाला माहीत असणारच. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणाही सगळ्यांना पाठ आहे. कॉलेजांनी त्या गावाकडून शिकावी अशी गोष्ट मात्र दुसरीच आहे, ती म्हणजे अभ्यास गट. देवाजी तोफा, मोहन हिराबाई हिरालाल आणि गावकरी मिळून एकेका विषयाचा अभ्यास करायचे, बाहेरच्या जाणकारांना बोलवायचे, चर्चा करायचे. अभ्यास गटाला निर्णयाचा अधिकार नव्हता. निर्णय ग्रामसभेचा, तोही सर्वसहमतीने. अभ्यास एकीकडे आणि निर्णय दुसरीकडे ठेवल्यामुळे अभ्यासात वाद मोकळेपणाने व्हायचा, कारण तिथे कुणाला जिंकायचं नव्हतं. कॉलेजने गावाचा असा अभ्यास गट व्हावं. सल्ले देणारा अधिकारी होऊ नये, ठराव मांडणारा पुढारीही होऊ नये.

चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये सुमारे हजार हेक्टरचा हक्क मिळाला. त्यांनी तेंदूपानाचा धंदा सोडला. चांगलं पान यावं म्हणून फांद्या छाटतात, जमीन जाळतात, झाडाला फळ लागत नाही. फळ गेलं की माणसांचं आणि पाखरांचं खाणं गेलं. हा हिशेब गावाने मांडला आणि बांबूवर भर दिला. तेंदूच्या हंगामात हातात येणारा रोख पैसा सोडणं किती कठीण आहे हे तुमच्या वर्गातली पोरं तुम्हाला सांगतील, कारण त्या पैशातूनच त्यांची फी भरली जाते.

आता अशा ग्रामसभेला कॉलेजकडून काय हवं असतं? जाणीवजागृतीचं भाषण नको असतं. तिचे प्रश्न नेमके असतात. एका बेटातून किती बांबू काढले तर पुढच्या वर्षी तितकेच कोंब येतील? वर्षाच्या आतला बांबू तोडायचा नाही, पावसाळ्यात तोडायचा नाही, जमिनीजवळ पहिल्या-दुसऱ्या पेराच्या वर कापायचा, बेटात जुने बांबू आधाराला ठेवायचे, हे नियम गावाला माहीत असतात. पण आपल्या जंगलात, आपल्या मातीत किती, हे मोजल्याशिवाय कळत नाही. मानवेल हा आपल्याकडचा बांबू कित्येक दशकांनी एकदा फुलतो आणि फुलला की सगळी बेटं वाळतात. त्या वर्षी ग्रामसभेचं उत्पन्न कुठून येणार, वाळलेल्या बांबूला वणवा लागला तर काय? मोहाची फुलं वेचायला बायका पहाटे झाडाखालचा पालापाचोळा जाळतात, त्यातून आग पसरते. जाळी बांधून फुलं गोळा केली तर किती फरक पडतो? चंद्रपूर-गडचिरोलीत मोह वेचताना वाकलेल्या बाईवर वाघाने हल्ला केल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. कुठल्या वेळी, कुठल्या भागात जाणं जास्त धोक्याचं, याची गावाच्या आठवणीत असलेली माहिती कागदावर मांडून देणं हे पदवीच्या मुलांना सहज जमण्यासारखं आहे, आणि त्याने जीव वाचू शकतो.

हे फक्त विज्ञान शाखेचं काम नाही. आमच्या कॉलेजात मला हे फार उशिरा सुचलं. बांबू आणि तेंदू विकणाऱ्या ग्रामसभेला पॅन लागतो, जीएसटी समजावा लागतो, मजुरीचे हजेरीपट, बँकेचा ताळमेळ, लेखापरीक्षण लागतं. हिशेबात घोळ झाला की गावात भांडण होतं. भांडण झालं की ठेकेदार परत येतो, आणि ठेकेदार आला की जंगल जातं. म्हणून तुमच्या वाणिज्य विभागातला एक सरळ मनाचा प्राध्यापक जंगलासाठी माझ्यासारख्या वनस्पतिशास्त्राच्या शिक्षिकेपेक्षा जास्त करू शकतो. इतिहासाच्या विभागाने जुन्या निस्तार हक्कांची, म्हणजे जळण, चराई अशा गावाच्या वापराच्या हक्कांची, कागदपत्रं वाचायला शिकवावं. मराठीच्या विभागाने नावं गोळा करावीत. झाडीबोलीतली, गोंडीतली, माडियातली झाडांची, पाण्याच्या जागांची, पावसाच्या प्रकारांची नावं. सात्या आणि वास्ते हे शब्द शहरातल्या वाचकाला सांगावे लागतात. पण वारुळावर उगवणारी अळिंबी आणि बांबूचे कोवळे कोंब कधी येतात, किती काढायचे, कुठले सोडायचे, हे सगळं ज्ञान त्या शब्दांना बांधलेलं आहे. शब्द गेला की ते ज्ञान विचारायचं कुणाला आणि कसं, हेच पुढच्या पिढीला कळत नाही.

गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये चंद्रपूर-गडचिरोलीसाठी स्थापन झालं, ते अशा कामांसाठी तुमच्या पाठीशी उभं राहू शकतं. विद्यापीठाच्या परवानगीची वाट पाहत मात्र बसू नका. वही ठेवायला परवानगी लागत नाही.

ज्ञान कुणाचं, या प्रश्नावर विदर्भात एक नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. शिक्षण तिसरीपर्यंत. १९८३ साली पटेल-३ या धानाच्या बांधीत त्यांना वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या आढळल्या. त्यांनी त्या जपल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षं निवड केली आणि एचएमटी हा तांदूळ उभा राहिला. १९९४ मध्ये कृषी विद्यापीठाने ते बियाणं नेलं आणि १९९८ मध्ये पीकेव्ही-एचएमटी या नावाने वाण प्रसारित झालं. शुद्धीकरणाचं काम विद्यापीठाचं, शोध दादाजींचा. पण श्रेयाचा वाद दादाजी असेपर्यंत मिटला नाही. २०१८ मध्ये ते गेले. मला वाटतं, प्रत्येक कृषी महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात हे सांगितलं जावं. निरीक्षण, नोंद, निवड, पुन्हा पेरणी, यालाच आपण संशोधन म्हणतो, आणि ते तिसरी शिकलेल्या माणसाने बांधीच्या धुऱ्यावर उभं राहून केलं. म्हणूनच मी वहीत सांगणाऱ्याचं नाव लिहायचा आग्रह धरते.

नावाशिवायच्या नोंदीचं काय होतं तेही पाहिलं आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही हवी. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि त्यानंतर राज्यांना महिन्याला दहा लाखांचा दंड सांगितला. मग जी धावपळ झाली तिच्यात आमच्या भागातल्या काही गावांच्या नोंदवह्या एका संस्थेने बनवून दिल्या. माझ्याकडे त्यातली एक तपासायला आली. त्यात कोकणातली झाडं होती. समितीच्या सदस्यांना आपण सदस्य आहोत हेच ठाऊक नव्हतं. मला त्या रात्री झोप आली नाही. इतका चांगला कायदा, आणि त्याची वही गावात कुणीच उघडणार नाही अशी. तुमच्या तालुक्यातली अशी वही मागवून घ्या. तिच्यातलं काय खरं, काय उचललेलं, हे पडताळणं हाच एका वर्गाचा उत्तम क्षेत्र प्रकल्प होईल. पडताळून झाल्यावर समितीसोबत बसून ती नव्याने लिहा.

आता वृक्षारोपणाबद्दल. प्राचार्यांना नाही म्हणणं अवघड असतं, मला कळतं. पण माझी एक चूक सांगते, तिचा उपयोग होईल. आम्ही एका वर्षी गावाबाहेरच्या झुडपी जागेत खड्डे खणून पाचशे रोपं लावली. जागा आम्हाला ओसाड वाटली होती. गुरं चारणारा मुलगा म्हणाला, इथं तितिराची अंडी असतात, मॅडम. आम्ही हसून पुढे गेलो. उन्हाळ्यात बहुतेक रोपं वाळली आणि गवत आमच्या खणण्याने गेलं. महसुली दप्तरातल्या "झुडपी जंगल" या शब्दानेच आपली नजर बिघडवली आहे. झाड नाही म्हणजे काहीच नाही, असं आपल्याला वाटतं. विदर्भातली ८६,४०९ हेक्टर झुडपी जंगल जमीन वनच मानावी, असं सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ च्या निकालात सांगितलं. कायद्याने तिला ओळख मिळाली, पण तिथे काय राहतं हे पाहणारे डोळे कॉलेजातूनच यायचे आहेत. अकोला-वाशीमकडे संवेदना संस्थेने फासेपारधी समाजाच्या सोबतीने गवताळ माळांचं काम केलं आहे. ज्यांना पिढ्यान् पिढ्या शिकारी म्हणून हिणवलं, त्यांच्याइतकी माळाची आणि तिथल्या तणमोर या दुर्मीळ पक्ष्याची जाण कुठल्या विभागप्रमुखाला आहे? रोपं लावायचीच असतील तर आधी दोन ऋतू ती जागा पाहा. मग गुराख्याला विचारून लावा.

मुलं एक प्रश्न विचारतीलच: याने नोकरी लागेल का? खोटं सांगू नका. वहीने नोकरी लागत नाही. माझे काही विद्यार्थी वनरक्षक झाले, एक ग्रामसेवक आहे, बरेच शेतीच करतात, काही पुण्याला कंपनीत आहेत. पण मोजणं, नकाशा वाचणं, चार वयस्कर लोकांसमोर उभं राहून आपल्या मोजणीचा अर्थ साध्या भाषेत सांगणं आणि त्यांनी चूक दाखवली तर वहीत दुरुस्ती करणं, हे त्यांना कुठेही उपयोगी पडलं. शेती करणाऱ्यांना सगळ्यांत जास्त.

दोन गोष्टींची काळजी घ्या. सारस, गिधाड, रानपिंगळा यांच्यासारख्या पाखरांची घरटी किंवा औषधी कंदांच्या जागा मोबाइलवरच्या कुठल्याही सार्वजनिक नकाशावर टाकू नका. मुलांना उत्साहाच्या भरात भान राहत नाही. आणि गावाची माहिती गावाच्या परवानगीशिवाय छापू नका, शोधनिबंधातही नाही. वहीच्या दोन प्रती करा, मूळ प्रत ग्रामसभेकडे आणि नक्कल कॉलेजकडे. मी सुरुवातीला उलट केलं होतं. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येणार म्हणून वह्या फाइलीत लावल्या, त्या फाइली कुणाच्या तरी कपाटात गेल्या आणि तीन वर्षांच्या नोंदी आजवर सापडलेल्या नाहीत.

तुमची बदली झाली तर काय, हाही प्रश्न तुमच्या मनात असेल. पहिल्या वर्षापासून दुसऱ्या वर्षाची मुलं पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतील असं ठेवा. जून संपायच्या आत एक दिवस फक्त सुपूर्द करण्याचा: चार जागा दाखवायच्या, वही वाचून दाखवायची, गावातल्या माणसांची ओळख करून द्यायची. त्या दिवशी तुम्ही मागे उभं राहा.

सुरुवात पावसाच्या आधी करा. रोहिणी संपत आल्या की तळ्यात पाणी सगळ्यांत कमी असतं आणि तळाचं सगळं दिसतं, म्हणून पहिली पाहणी तेव्हाची घ्या. मग मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसाची वाट पाहा. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर, धानाचे पऱ्हे (रोपं) टाकायला लोक शेतात जायच्या आत, दोन मुलांना घेऊन ढिवर मोहल्ल्यात जा आणि कुणाही बाईला विचारा, रात्री मासोळी चढली का. ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत, तारखेसह, तिच्या नावाने वहीच्या पहिल्या पानावर लिहा.